ताडपत्रीखालचा साचा

एक

ताडपत्रीच्या दोऱ्या सुटल्या, चौघांनी ती ओढून खाली घेतली, आणि तिच्याखाली साचा नव्हता.

गंजके पाइप एकमेकांना बांधून, त्यांवर फळ्या ठोकून, घराएवढ्या पोलादी साच्याचा नुसता आकार तेथे उभा केलेला होता. चौकशी समितीचे अध्यक्ष त्या सांगाड्याभोवती एक फेरी मारून आले. मग त्यांनी पुलाच्या मुख्य अभियंता बाईंकडे मान वळवली.

"साचा कुठे आहे, बाई?"

गाडीत बसून त्या घरी गेल्या आणि मागच्या खोलीचे दार लावून बसल्या.

ही हकिगत दोन दिवसांनी त्यांच्या आईच्या कानावर जावयाने घातली. आईला सारे जग 'मोठ्या बाई' म्हणत असे. पतीच्या माघारी सिमेंटच्या नळांचा कारखाना त्यांनी एकहाती चालवला होता. कामगार त्यांना दबकून असत, आणि बँकेचे साहेबही त्यांच्यासमोर खुर्ची पुढे ओढून ताठ बसत.

जावईबापूंचा चेहरा पार उतरला होता. "आई, तोच पूल समुद्रापलीकडच्या देशात बांधला. तोच नकाशा, तीच लांबी. त्यांच्या तिप्पट खर्च इथे झालाय, आणि आपला अजून अर्ध्यावरच. पैसे गेले कुठे, हे शोधायला समिती आली. आता त्यांना उत्तर सापडलं. साचा विकून खाल्ला म्हणतायत. उद्या सकाळी अहवाल, आणि मग पोलीस."

"ती काय म्हणते?"

"एकच वाक्य. आईला यात पडू देऊ नका."

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे पडायलाच हवं. गाडी काढा, जावईबापू. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या, चालवताना नको."

वाटेत त्यांनी प्रश्न विचारून विचारून सारे काढून घेतले. दोन खांबांमधल्या प्रत्येक गाळ्यावर एक लांबलचक काँक्रीटची तुळई बसते. पलीकडच्या देशात एकाच साच्यात एकामागून एक तुळया ओतल्या, म्हणून तो पूल स्वस्तात आणि झटपट झाला. इथे त्या साच्यातून फक्त पहिली तुळई निघाली. पुढच्या सगळ्या लाकडी फळ्या ठोकून, एकेक करून ओतल्या. साचा जागेला जुळत नाही, असे लेकीने वर कळवले होते.

"साचा आला कसा?"

"तराफ्यावरून, खाडीतून. रस्त्याचं फाटक इतकं अरुंद आहे, की त्यातून तो जाणंच शक्य नाही. तराफा पुन्हा कधी आला नाही. पाणबुडे खाडीचा तळ चाचपून गेले. कापून नेला म्हणावं, तर गॅसची ज्योत कुणीच पाहिली नाही."

"घराएवढं पोलाद हवेत विरत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी तिच्या त्या वरच्या साहेबांकडे चला."

दोन

साहेबांच्या कचेरीत पंखा होता, पण तो साहेबांपुरताच फिरत होता. त्यांनी मोठ्या बाईंना बसा म्हटले, तेव्हा त्या बसलेल्याच होत्या.

"बाई, मुळात तुलनाच चुकीची आहे हो," साहेब हात चोळत म्हणाले. "तिकडची परिस्थिती वेगळी, इकडची वेगळी."

"वेगळी म्हणजे कशी? तिकडे मजुरी स्वस्त आहे?"

"नाही, उलट महाग."

"सिमेंट?"

"तेही महागच."

"पोलाद?"

"एकच भाव साधारण."

"म्हणजे तिकडे सगळं महाग आणि पूल तेवढा स्वस्त. गंमतच आहे की."

साहेब खजील होऊन हसले. "आमच्याकडे जमिनीचे वारस निघतात, नळांची जुनी जाळी निघते, नकाशे बदलतात. मी आल्यापासून तीनदा बदलले. प्रत्येक नव्या मंत्र्याला पूल थोडा वेगळा हवा असतो."

"ते खरंच असेल. त्यानं खर्च वाढतो, तिप्पट होत नाही. पहिली तुळई बसवली त्या दिवसाबद्दल बोला."

साहेबांनी खिडकीकडे पाहिले. "समारंभ होता. तारीख वरून आली होती."

"तयारी झाली होती का?"

"अभियंता बाई म्हणत होत्या, थोडं थांबा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? वरून आलेली तारीख मी खाली पाठवली."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी नजर त्या तडा गेलेल्या नळाकडे टाकीत. साहेबांनी मान खाली घातली. मग, सूड उगवल्यासारखे, हलक्या आवाजात ते म्हणाले, "तुम्हाला ऐकवणार नाही, पण सांगतो. तो खोटा सांगाडा उभा करून ताडपत्री घालण्याचा हुकूम तुमच्या लेकीनंच दिला होता. तोंडी. मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय."

तीन

खाडीकाठच्या आवारात वारा खारट होता. पुलाचे खांब पाण्यात रांगेने उभे होते आणि अर्ध्यावर रस्ता एकाएकी संपला होता. संपल्या जागेवरून खाली होड्या ये-जा करीत होत्या. त्यांतल्या एकीत, चादरीचा आडोसा धरून, कुणा पोटुशीला इस्पितळात आणत होते.

ठेकेदार धष्टपुष्ट आणि बोलघेवडा होता. "या, मोठ्या बाई, या! तुमचेच नळ पुरलेत मी जन्मभर. आज मात्र माझ्यावर संशय घेऊन आलात."

"साचा गेला की फळ्या लागतात. फळ्या लागल्या की तुमचं भलं होतं. संशय कुणावर घेऊ? देवावर?"

"झालं भलं, नाकारत नाही. प्रत्येक तुळईला नव्या फळ्या, नवे सुतार, नवी मोजणी. जितका वेळ जास्त तितकं बिल जास्त. पण बाई, मी मागितलं नव्हतं. मला सांगितलं, फळ्या ठोक. मी ठोकल्या. काम ज्याचं त्यानं पाहावं."

"आणि पहिल्या तुळईला?"

"तिथं तर मलाच भुर्दंड! एका क्रेनचं काम, पण मेली हलेचना. दुसरी क्रेन भाड्यानं आणली, तीही समारंभाच्या आदल्या दिवशी." एवढे बोलून ठेकेदार एकदम थांबला. त्याचे हसू ओठांवर तसेच राहिले, डोळ्यांतून मात्र गेले. "जुनी गोष्ट झाली. चहा घेणार?"

"नको. तुमचा गोदामप्रमुख कुठे आहे?"

गोदामप्रमुख हा कुलपासारखाच चेहरा असलेला मनुष्य होता. त्याच्यामागे कोपऱ्यात तेलाची पिंपे रचलेली होती. साच्याच्या आतल्या अंगाला हे तेल फासायचे असते. नाही फासले तर काँक्रीट पोलादाला मिठी मारते, मग ती सोडवता येत नाही. नळांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या बाईला हे सांगावे लागत नव्हते.

"यातलं एकही पिंप उघडलेलं दिसत नाही."

"कसं उघडणार, बाई? नमुना प्रयोगशाळेत गेलाय. पास होऊन आल्याशिवाय सील तोडायचं नाही, असा नियम आहे."

"अजून आला नाही?"

"अजून नाही."

"पण पहिली तुळई तर ओतलीत."

"ओतली ना."

"मग साच्याला आतून लावलं काय?"

गोदामप्रमुखाने किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मी तेल दिलं नाही, एवढं नक्की. पुढचं मला विचारू नका. मला निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत."

मोठ्या बाई काठी टेकीत पुलाच्या पायथ्याशी गेल्या. पहिला गाळा काठालगतच होता. त्याच्या तुळईला हात पोचत होता. पुढच्या तुळयांवर फळ्यांचे वळ उमटलेले होते, कुठे खड्डे, कुठे फुगवटे. पहिली तेवढी गुळगुळीत, गिलावा केलेली, वर पांढरा रंग दिलेली.

"किती छान दिसते ही," जावईबापू म्हणाले. "समारंभासाठी सजवली असेल."

"जावईबापू, पोलादी साच्यातून निघालेलं काँक्रीट आरशासारखं असतं. आरशाला कुणी गिलावा करतं का?" त्यांनी रंगावरून बोट फिरवले. "तुमच्या गाडीत तो फोन चिकटवायचा गोल लोहचुंबक आहे ना? आणा."

जावईबापूंनी तो आणला. त्यांनी तो तुळईच्या अंगावर टेकवला आणि हात काढून घेतला.

चुंबक खाली पडला नाही.

चार

"तुळईच्या पोटात सळ्या असतातच ना, आई," जावईबापू चाचरत म्हणाले.

"असतात, पण चार बोटं आत. तिथून त्या चुंबकाला हाक मारत नाहीत." त्यांनी चुंबक हातभर पुढे सरकवला, मग आणखी पुढे, मग तुळईच्या तळाशी लावला. सगळीकडे तो चिकटत होता. "साचा इथेच आहे. काँक्रीट त्याला असं बसलं की सुटेना. मग साच्यासकट तुळई उचलली, म्हणून दोन क्रेन लागल्या. वर तारेची जाळी मारून गिलावा केला, रंग दिला, आणि समारंभाला आलेल्यांनी त्याच्यावर उभं राहून टाळ्या घेतल्या. चोरी कुणी केलीच नाही."

"मग सुटलो आपण!" जावईबापूंना रडू की हसू तेच कळेना. "आई, समितीला आत्ता फोन करू?"

"थांबा."

तुळईच्या टोकाशी, खांबावर टेकते तेथे, गिलाव्याचा कपचा निघाला होता. आत पोलादाची कड आणि तिला बिलगलेले काँक्रीट यांच्यामध्ये केसाएवढी पांढुरकी रेघ होती. मोठ्या बाईंनी नखाने ती खरवडली, बोट ओले करून चोळली. बुळबुळीत लागली.

त्या मागच्या दगडावर बसल्या.

तेल नव्हते, तेव्हा कुणीतरी साच्याला साबण आणि चुन्याचे पाणी फासले होते. ठेकेदाराला ही युक्ती ठाऊक असणे शक्य नव्हते. तो तयार तेल विकत घेणारा मनुष्य. साहेबांना तेल आणि तूप यांतला फरकही सांगता आला नसता. साबण-चुन्याचे पाणी लावून साचे सोडवायची रीत मोठ्या बाईंच्या सासऱ्यांनी काढलेली, आणि ती कारखान्याच्या भिंतीबाहेर कधी गेली नव्हती. नळाला ती पुरते, कारण नळ लहान आणि सकाळी ओतला की संध्याकाळी निघतो. एवढ्या प्रचंड साच्यात, दिवसचे दिवस ओल्या राहणाऱ्या काँक्रीटखाली, ते पाणी ठिकठिकाणी धुऊन जाणार आणि साचा कायमचा धरून बसणार. लहानपणी नळांच्या राशीत लपाछपी खेळलेल्या, आणि परवानगीअभावी हात बांधले गेलेल्या माणसालाच ही चूक सुचली असती. असे माणूस जगात एकच होते.

"आई, काय झालं? पाणी देऊ?"

काय हुकूम द्यावा, हे मोठ्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा उमगेना. शेवटी त्या म्हणाल्या, "पलीकडच्या देशात तो जुळा पूल ज्यानं बांधला, त्याच्याकडे ती शिकायला गेली होती. त्याचा नंबर आहे?"

"आहे. पण तुम्हाला त्यांची भाषा..."

"तुम्हाला येते ना? लावा. त्यांना विचारा, तुमचा साचा कधी चिकटला होता का?"

फोनमधून मोठ्याने हसल्याचा आवाज आला.

"हो म्हणतात. पहिल्याच तुळईला."

"मग काय केलं?"

जावईबापू ऐकत राहिले, अधूनमधून मान डोलावत. "म्हणतात, त्याच दिवशी सगळ्या कामगारांना गोळा करून दाखवला. कापून काढला. दुसरा मागवला. पंधरवडा फुकट गेला, पण नंतर एकही चिकटला नाही. तीच टोळी आता त्यांचा पुढचा पूल बांधतेय."

"दुसरा मागवायची सही कुणी केली?"

जावईबापूंनी विचारले. पलीकडून काही विचारणा झाली. त्यांनी पुन्हा समजावले, मग फोनवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "आई, त्यांना तुमचा प्रश्नच कळत नाहीये. म्हणतात, मीच केली. कामावर मी होतो ना!"

पाच

मागच्या खोलीचे दार मोठ्या बाईंनी ठोठावले नाही; काठीने ढकलले.

लेक खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. आईला पाहून ती उठायला गेली.

"बस. साबणाच्या पाण्यात चुना किती घातला होतास?"

लेकीच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही गेला. मग, ओझे खाली ठेवावे तशी, ती बोलू लागली. "आपल्या मापानंच. तेलाचं सील तोडायची परवानगी मिळेना. तारीख पुढे ढकलायची परवानगी मिळेना. मी सगळ्यांकडे गेले, आई. प्रत्येकानं मला दुसऱ्याकडे पाठवलं. शेवटी वाटलं, आपल्याकडे तीन पिढ्या चाललंय, एक दिवस निभेल."

"आणि चिकटल्यावर?"

"सगळ्यांना कळलं होतं. साहेबांना, ठेकेदाराला, गोदामवाल्याला. त्या रात्री आम्ही चौघे त्या तुळईजवळ उभे होतो, आणि एकानंही 'आता काय करायचं' असं विचारलं नाही. 'आता कुणी बघितलं तर' असंच विचारलं. मग गिलावा झाला. मग ताडपत्री. दुसरा साचा मागवायचा, तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. म्हणून फळ्या. फळ्यांना सुतार, सुतारांना वेळ, वेळेला व्याज. वर्षं गेली. तुळईचं वजन मी दहादा तपासलं, खांब ते पेलतात. पण दर महिन्याला खर्चाचा आकडा पाहिला की मला झोप यायची नाही."

"अगं, तुला चोर म्हणतायत! तोंड का उघडलं नाहीस?"

"चोर म्हटलं तर मी एकटी जाते. साचा दाखवला तर पूल जातो. पहिला गाळा उतरवा म्हणतील, उतरवायचा निर्णय कुणीच घेणार नाही, आणि अर्धा पूल तसाच पाण्यात उभा राहील. खाडीपलीकडच्या बायका होडीतून बाळंतपणाला येतात, आई. मी रोज बघते." ती थांबली. "आणि तुला कळलं असतं."

"मला?"

"एका कारागिरानं एक साचा बिघडवला, म्हणून तू त्याला भर दुपारी फाटकाबाहेर काढलंस. तो साचा फाटकावर टांगलास. मी शाळेत जाताना त्याच्याखालून जायचे."

जावईबापू दाराबाहेर उभे होते. ते पाऊल न वाजवता निघून गेले.

मोठ्या बाईंच्या हातात काठी होती. त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. मग त्या लेकीशेजारी खाटेवर बसल्या.

"उद्या समितीपुढे सांगायचं. सगळं."

"आणि पूल?"

"झाकून तरी कुठे पूर्ण होतोय? ऊठ. तोंड धू. केस मी विंचरते."

सहा

समितीच्या खोलीत लांब टेबल होते. एका बाजूला साहेब, ठेकेदार आणि गोदामप्रमुख बसले होते, तिघेही एकमेकांकडे न पाहता. चुंबक हातोहात फिरून आला होता. सकाळीच कामगारांनी पहिल्या तुळईवरचा गिलावा फोडला होता आणि आतले पोलाद अध्यक्षांनी स्वतः पाहिले होते.

"चोरीचा आरोप मागे घेतो," अध्यक्ष म्हणाले. "साच्याला आतून हे पांढरं कुणी लावलं?"

सुटकेची वाट अजून मोकळी होती. ते पाणी ओळखणाऱ्या खोलीत दोघीच होत्या, आणि त्या मायलेकी होत्या. जावईबापूंनी विनवणीने मोठ्या बाईंकडे पाहिले.

लेक उभी राहिली. "मी लावलं. आणि लपवलंही मी."

साहेबांनी सुस्कारा सोडला. तो इतका स्पष्ट ऐकू आला, की अध्यक्षांनी चमकून तिकडे पाहिले.

"लपवायला एकटीचे हात पुरत नाहीत," मोठ्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "वरून आलेली तारीख यांनी खाली पाठवली. तेल त्यांनी कुलपात ठेवलं. दुसरी क्रेन यांनी आणली आणि फळ्यांची बिलं मुकाट्यानं लावली. तुम्ही खिसे तपासत बसलात, अध्यक्ष. पैसे कुणाच्याच खिशात नाहीत. यांच्यातल्या कुणालाही 'चुकलं' म्हणायची सोय नव्हती, त्यापायी ते गेले. तिकडे पंधरवड्यात जे निस्तरलं, ते झाकायला इथे वर्षं लागली."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले. ते थकलेले दिसत होते. "बाई, तुम्ही कारखाना चालवता. अशा माणसाचं तुम्ही काय केलं असतं?"

"कालपर्यंत हाकलून दिलं असतं."

"आणि आज?"

"आज हिलाच दुसऱ्या साच्यावर उभं केलं असतं. तो कुठे धरतो आणि का धरतो, हे या खोलीत हिच्याइतकं कुणाला माहीत आहे? फुकट शिकलेली नाही ती. तुमच्या तिप्पट खर्चात शिकली आहे."

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिले. "दुसरा साचा मागवता येईल?"

"वर विचारावं लागेल," साहेब म्हणाले.

अध्यक्षांनी मान हलवली. "तुमचं म्हणणं समजतं मला, बाई. पण तशी तरतूद नाही. लपवल्याबद्दल त्यांना निलंबित करावं लागेल, आणि पुलाचं काम पुढल्या आदेशापर्यंत बंद. त्यांचा जबाब शेजारच्या खोलीत घेतला जाईल."

लेक दारापर्यंत गेली आणि वळली. आईच्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत होती. मोठ्या बाईंनी उठून, लग्नाच्या दिवशी केला होता तसा तिचा पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांग. घाई करू नकोस."

दार लागले. साहेब गेले, ठेकेदार गेला, गोदामप्रमुख भिंतीच्या कडेकडेने निघून गेला. जावईबापू हळूच म्हणाले, "आई, वेळ लागेल. तुम्हाला घरी सोडून मी परत येतो."

"मी कुठेही जात नाही. ते बाकडं इकडे ओढा."

त्यांनी बाकडे दाराशी ओढले. मोठ्या बाई त्यावर ताठ बसल्या. आतून लेकीचा आवाज येऊ लागला होता. आधी अडखळत, मग सलग. जावईबापू काही बोलायला गेले, तेव्हा त्यांनी हात वर करून त्यांना गप्प केले, आणि लेक सांगत होती ते कान देऊन ऐकत राहिल्या.